भोरड्यांच्या थव्याला म्होरक्या असतो म्हणे!

दुर्बीणवाला: काल एका सद्गृहस्थांनी भोरड्यांच्या (गुलाबी मैनांच्या) थव्याचा फोटो टाकून लिहिलं, ‘एका नेत्याच्या इशाऱ्यावर हजारो पाखरं वळतात, आपण कधी शिकणार?’ खाली लाइकांचा पाऊस. अहो, नेता नसतोच! रोममध्ये टर्मिनी स्टेशनजवळच्या, भोरड्यांच्या भाऊबंद मैनांचे थवे टिपून काव्हान्या-जियार्दिना या भौतिकशास्त्रज्ञांच्या गटाने २००८ साली दाखवलं की प्रत्येक पक्षी जवळच्या ६-७ शेजाऱ्यांचाच अंदाज घेतो, मग ते हातभर लांब असोत की चार हात. त्याआधी १९८७ मध्ये संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्सने संगणकावर थवा उडवला तो तीन नियमांवर: धडकू नका, शेजाऱ्याच्या दिशेने उडा, घोळका सोडू नका. ‘साहेबांचं ऐका’ हा नियम त्यात नव्हता.

सरळमार्गी: मीच तो सद्गृहस्थ. संगणकातले ठिपके म्हणजे पाखरं नव्हेत. ससाणा आला की कोणीतरी आधी बघतोच ना? तोच नेता.

दुर्बीणवाला: तो त्या क्षणी कडेला होता, एवढंच. मग एसटीत ‘आला आला स्टॉप’ म्हणून आधी ओरडणाराही ड्रायव्हरच म्हणा!

माळरानकर: तुमचा नेता-बिता ऱ्हाऊ द्या. आमची मंगळवेढ्याकडची ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या उतरल्याच. माळ्यावर उभं राहून घसा बसेस्तोवर हाकारे, वर गोफण. इकडून उठवल्या की पलीकडच्या बांधावर. मागं कणसाला नुसती बोंडं. फोटोवाल्यांनी एक दिवस राखण करून बघावी.

पाखरूवेडी: काका, त्याच भोरड्या टोळ फस्त करतात. चीनमध्ये शिनजियांगात त्यांच्यासाठी मुद्दाम घरट्यांची सोय करतात.

माळरानकर: ताई, पिल्लं तिकडं, हुरडा इकडं. टोळ चीनचे, ज्वारी माझी!

पाखरूवेडी: म्हणून पाखरं मारायची का? गोफणीचं कौतुक नको.

माळरानकर: कौतुक? शिवारात सगळ्यांनी ऊस लावला, ज्वारी उरली माझ्याच रानात. जाणार कुठं त्या? तुम्ही हुरडा पार्टीला येता तेव्हा विचारता का, कोणी राखला म्हणून?

दुर्बीणवाला: मूळ मुद्दा थव्याचा आहे…

माळरानकर: मग ऐका. धोंडा या कडेला पडला तरी पलीकडची कड उठते. म्होरक्या असता तर आमच्या आज्ज्यानं त्यालाच हेरून पाडला असता. राखणीचा ताप गेला असता.

सरळमार्गी: बरं बाबा, नाही नेता. द्या त्या रोमवाल्यांना नोबेल.

दुर्बीणवाला: त्या शोधनिबंधातल्या जॉर्जो पारिसींना २०२१ मध्ये मिळालंय.

सरळमार्गी: मैनांसाठी?

दुर्बीणवाला: …मुख्यतः दुसऱ्या कामासाठी.

सरळमार्गी: वाटलंच.

माळरानकर: बुजगावण्याला भीत नाहीत, त्यावर काही निघालंय का?