रविवारचा बाप्तिस्मा, बारसं आणि बाकीचे विधी (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-१०१, सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. सी-३०२ च्या बाळाचा बाप्तिस्मा रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) चर्चमध्ये आहे. दुपारी जेवण आपल्या हॉलमध्ये. आमंत्रण सगळ्यांना आहे. हॉलपुढच्या गाड्या शनिवारी रात्रीच काढून ठेवाव्यात.

ए-२०५
अभिनंदन आजी! म्हणजे तुमच्यातलं बारसंच ना? नाव आत्या ठेवते का? आहेर काय आणायचा?

सी-३०२, आजी
आहेराचं नंतर सांगते, आधी बारशाचं. बाप्तिस्मा म्हणजे नाव ठेवणं नव्हे. नाव आईवडिलांनी आधीच ठरवलेलं असतं. चर्चच्या दारात फादर विचारतात, "बाळाचं नाव काय?" आणि लगेच, "चर्चकडे काय मागता?" उत्तर असतं, "बाप्तिस्मा." खरा विधी इथून सुरू होतो. आदिपापापासून, म्हणजे माणसाला जन्मतःच चिकटलेल्या पापापासून मुक्ती, ख्रिस्तात नवा जन्म आणि ख्रिस्तसभेत (चर्चमध्ये) प्रवेश, हे त्याचे अर्थ. नाव बदलावंच लागतं असंही नाही. कवी रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला, तरी ते नारायण वामनच राहिले.

बी-२०४, काकू
आजी, हे स्पष्ट केलंत ते बरं झालं. आपल्याकडे सगळ्याच विधींना 'त्यांचं बारसं', 'त्यांची मुंज' म्हणून मोकळे होतात. मला वाटतं, विधी कुठलाही असो, आधी विचारावं की हा नाव देतो, शुद्धी करतो की आत घेतो? बारसं मुख्यतः नाव देतं. सोयराचे, म्हणजे जन्माच्या विटाळाचे, दहा दिवस सरले की अकराव्या-बाराव्या दिवशी. ताम्हनात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहायचं. शास्त्राने नावंही चार सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारातलं. गुरुजी नाव बाळाच्या कानात सांगायला लावतात. मग पाळणा, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या', घुगऱ्या. पण बारसं झालं नाही म्हणून मूल हिंदू नाही असं कुणी म्हणत नाही. दुसरा जन्म म्हणाल तर तो मुंजीत, म्हणून तर 'द्विज'. तीही परंपरेने तीन वर्णांच्या मुलग्यांपुरतीच, हे सांगायलाच हवं.

बी-४०१
आजी, पाणी नेमकं कसं घालतात? बुडवतात की शिंपडतात? सिनेमात दोन्ही दिसतं.

सी-३०२, आजी
आमच्या कॅथलिक चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात आणि ओतता ओतताच म्हणतात, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." पाणी आणि शब्द बरोबर चालले पाहिजेत, आणि दोन्ही एकाच माणसाचे. एकाने ओतायचं आणि दुसऱ्याने म्हणायचं, असं चालत नाही. पाणी कातडीवरून वाहायला हवं. जावळ दाट असेल तर नुसते केस भिजतात, म्हणून कपाळाकडून ओततात. साधं पाणी लागतं, दूध किंवा गुलाबपाणी नाही. थंडीत कोमट केलं तरी हरकत नाही.

शब्दांचं तर फार जपावं लागतं. काही ठिकाणी धर्मगुरू प्रेमाने, सगळ्या कुटुंबाला सामील करून घ्यायचं म्हणून, "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" असं म्हणू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की असा बाप्तिस्मा झालाच नाही असं धरायचं. कारण बाप्तिस्मा देणारा ख्रिस्त, धर्मगुरू त्याच्या वतीने बोलतो. जमलेली मंडळी तो देत नाहीत. त्यानंतर अमेरिकेत कित्येकांना तो नव्याने घ्यावा लागला. त्यातल्या एक-दोघांचं तर पुरोहितपदही त्यावर अडलं, कारण पुढचे सगळे संस्कार बाप्तिस्म्यावरच उभे असतात.

बी-२०४, काकू
मंत्रातला एक शब्द चुकला की कर्म बिघडतं, ही चिंता आमच्याकडेही आहे हो.

सी-३०२, आजी
ऑर्थोडॉक्स लोक बाळाला तीनदा पूर्ण बुडवतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल पंथांची मंडळी तान्ह्या बाळाला देतच नाहीत. समज आल्यावर, स्वतः विश्वास कबूल केल्यावर बुडवून देतात. उत्तर भारतातलं सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक चर्च एकत्र येऊन झालं. त्यात दोन्ही मतांची मंडळी होती, म्हणून तिथे दोन्ही पद्धती मान्य आहेत.

ए-४०३, भाई
आजी, मुबारक हो. आमच्यात जन्मानंतर उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज सुरू होतानाची हाक, म्हणतात. सातव्या दिवशी अकीका: जावळ काढायचं, केसांच्या वजनाइतकी चांदी किंवा तिची किंमत दान करायची. ऐपत असेल तर मुलासाठी दोन बकरे, मुलीसाठी एक. गोश्त घरच्यांत, नातेवाईक-शेजाऱ्यांत आणि गरिबांत वाटतात. सातवा दिवस चुकला तर चौदावा किंवा एकविसावा. पण अकीक्याने मूल मुसलमान होत नाही; आमच्या समजुतीने ते जन्मतःच असतं. बाहेरून येणारा कलमा, म्हणजे श्रद्धेची कबुली, पढतो, त्याला पाणी ओतणारा कुणी लागत नाही. काकूंच्या प्रश्नाला आमचं उत्तर, अकीका म्हणजे शुक्राना, अल्लाहचे आभार.

डी-१०५, सर
धम्मदीक्षेत तर पाण्याचा संबंधच नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" असं जाहीर केलं. दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात. भदंत चंद्रमणींकडून त्यांनी त्रिशरण आणि पंचशील घेतलं आणि मग स्वतः जनसमुदायाला दीक्षा देऊन २२ प्रतिज्ञा वदवून घेतल्या. म्हणजे हा सरळ आत येण्याचा विधी, आणि तो माणसाने स्वतःच्या तोंडाने करायचा. बाळाच्या नामकरणाला बौद्धाचार्य येतात, त्रिशरण-पंचशील होतं, पण ती दीक्षा नव्हे. लोक दोन्हींची गल्लत करतात.

बी-४०१
पारशांची नवजोतही तशीच का, मुलांना धर्मात घेण्याची?

बी-२०४, काकू
हो, साधारण सात ते अकराच्या वयात. मुलाला प्रार्थना आधी पाठ करावी लागते. मग सुदरा (पांढरा सदरा) घालून कमरेला कस्ती (पवित्र दोरी) तीन वेढे देऊन बांधतात. कस्तीत लोकरीचे ७२ धागे, यस्ना या त्यांच्या धर्मग्रंथाच्या ७२ अध्यायांचे. मुलीलाही होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

ए-२०५
आजी, गॉडफादर-गॉडमदर म्हणजे नुसता मान असतो का? बाळाच्या आईची जिवलग मैत्रीण आमच्या विंगमधली आहे, पण ख्रिस्ती नाही. ती होऊ शकते?

सी-३०२, आजी
धर्ममाता नाही होऊ शकत. वाईट वाटून घेऊ नका, त्यामागे कारण आहे. धर्मपिता-धर्ममातेला सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुली मोठ्याने द्यावी लागते आणि मुलाला श्रद्धेत वाढवायला मदत करायची असते. म्हणून वय सोळा पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं, आणि बाळाचे आईवडील स्वतः नकोत. एक पुरला तरी चालतो. दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. बाप्तिस्मा झालेला दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती, कॅथलिक धर्मपित्याच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

मैत्रिणीने पुढच्या बाकावर जरूर बसावं. पाण्यानंतर डोक्यावर क्रिस्माचं सुगंधी तेल लावतात, पांढरं वस्त्र घालतात आणि पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवतात. ती लहानशी ज्योत बाळाच्या बापाच्या किंवा धर्मपित्याच्या हातात देतात, तो क्षण पाहण्यासारखा असतो. फोटो काढा, पण फ्लॅश नको आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडाच्या पुढे जाऊ नका. प्रसाद समजून परमप्रसादाच्या (मिस्सेत देतात त्या पवित्र भाकरीच्या) रांगेत मात्र लागू नये, तो कॅथलिकांसाठीच असतो.

आहेराला बंधन नाही. पांढरं झबलं, चांदीची वाटी, काहीही आणा. हळदी-कुंकू लावून ओटी भरायची असेल तर ती हॉलमध्ये भरा, सूनबाई आनंदाने घेईल.

बी-३०३, सिस्टर
हॉस्पिटलमधल्यांना माहीत असावं म्हणून सांगते. बाळ अत्यवस्थ असेल आणि फादर पोहोचत नसतील, तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा. चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा, साधं पाणी आणि तेच शब्द. शक्यतो आईवडिलांना विचारून. नंतर चर्चला कळवायचं म्हणजे नोंद होते. बाळ बरं झालं तर पुन्हा पाणी घालत नाहीत, राहिलेला विधी तेवढा करतात.

सी-३०२, आजी
अगदी बरोबर सिस्टर. बाप्तिस्मा एकदाच. झाला की नाही याची खरोखरच शंका असेल तर "तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर" असं म्हणून सशर्त देतात.

ए-१०१, सेक्रेटरी
एक कामाचं. चर्चचा दाखला आणि महापालिकेचा जन्मदाखला वेगवेगळे. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, नाव ठरलेलं नसलं तरी. नाव बारा महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो.

सी-३०२, आजी
आणि दोन्हीकडे स्पेलिंग एकच ठेवा. चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरमध्ये पुढे दृढीकरण आणि लग्नाचीही नोंद त्याच ओळीपुढे होते. लग्नाच्या वेळी त्याचा ताजा उतारा मागतात, तेव्हा एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

ए-२०५
आमचं बारसं पुढच्या महिन्यात आहे, दाखला अजून काढलेला नाही. सेक्रेटरी साहेब, नाव घालायला कुठली कागदपत्रं लागतात ते जरा मेसेज करा.