मदत हवी: आरमोरी-नागपूर रस्त्यावर सध्या चालू असलेले कार चार्जर कोणते?

नमस्कार मंडळी. मी आरमोरीजवळच्या गावात राहतो. आईला दर पंधरा दिवसांनी नागपूरला दवाखान्यात न्यावं लागते. ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड असा रस्ता, एका बाजूने १४० किमीच्या आसपास. गाडी टियागो ईव्ही, २४ युनिटची बॅटरी. मे महिन्यात एसी लावून पूर्ण चार्जवर १८०-१९० किमी निघतात. जाताना अडचण नाही, पण येताना चार्ज केल्याशिवाय जमत नाही.

मागच्या खेपेला नागपुरात चार्जरवर रांग होती. मागचे लोक थांबले होते म्हणून ६० टक्क्यांवर निघालो. वाटेतला एक चार्जर ॲपवर हिरवा दिसत होता, तिथं भरू म्हटलं. पोचलो तर मशीन बंद. तिथला माणूस म्हणाला, कितीतरी दिवसांपासून बंदच आहे. एसी बंद केला, काचा खाली केल्या, ४५ डिग्रीत आई मागे ओला दुपट्टा बांधून बसली. एका ढाब्यावर १५ अँपिअरचा सॉकेट मिळाला, पण अर्थिंग नसल्याने गाडीसोबतच्या चार्जरने करंट घेतलाच नाही. शेवटी नागभीडच्या अलीकडे एका धानाच्या गिरणीवाल्या भाऊंनी आपल्या सॉकेटवर गाडी लावू दिली. दोन तासांत सहा-साडेसहा युनिट, म्हणजे ५० किमीची सोय झाली. त्यांनी आईला आत पंख्याखाली बसवलं, पैसेही घेतले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण दर खेपेला असं कुणाच्या दारात जाणं बरं नाही. अंधार पडल्यावर तर या पट्ट्यात गाडी उभी करायची हिंमतच होत नाही, वाघांचा मुलूख आहे.

म्हणून विचारतो, गेल्या पंधरा दिवसांत या रस्त्यावर कुणी स्वतः सीसीएस-२ गन (कार जलद चार्ज करायचा प्लग) लावून चार्ज केलं आहे का? कोणत्या गावात, किती किलोवॅटचा, आणि लाईन गेली तर चालतो का? ॲपचा स्क्रीनशॉट नको, तो माझ्याकडेही आहे. उमरेड किंवा भिवापूरला चांगल्या अर्थिंगचा १५ अँपिअर सॉकेट पैसे घेऊन देणारं लॉज, गॅरेज असेल तरी सांगा. आईला जेवून थोडं पडता येईल, तेवढ्यात गाडीही भरेल.

अजून एक. सार्वजनिक चार्जर लावायला वेगळा परवाना लागत नाही, आणि महावितरण त्यासाठी वेगळ्या दराने स्वतंत्र जोडणी देते, एवढं मला माहीत आहे. त्या गिरणीवाल्या भाऊंनाही चार्जर लावायची इच्छा आहे. तालुक्याच्या गावात कुणी अशी जोडणी घेतली असेल तर लोड किती मागितला, डिपॉझिट किती भरलं आणि मीटर यायला किती दिवस लागले, हे सविस्तर लिहा. मी त्यांना वाचून दाखवीन.

येत्या शुक्रवारी पहाटे पाचला निघायचं आहे. त्याआधी कुणी ब्रह्मपुरीकडून जाणार असेल आणि वाटेत एखादा चार्जर चालू दिसला, तर कृपा करून इथं एक ओळ टाका.