म्हशींची कागदपत्रं पूर्ण असूनही गाडी अडवली जाते, तेव्हा काय करायचं?

बाजारवाट:
महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस त्यात नाही. तरी जनावरांचा आणि मांसाचा धंदा करणाऱ्या कुरेशी समाजातल्या व्यापाऱ्यांच्या म्हशींच्या गाड्या अडवल्या जातात. मारहाण होते, जनावरं गोशाळेत जातात आणि परत येत नाहीत. खरेदीपासून कोर्टापर्यंत नेमकं काय सांभाळावं? कागद कुठे कमी पडतात?

दावण:
अनेक गुन्हे गोवंशाचे नसतातच, वाहतुकीचे असतात. म्हणून आधी गाडीचा हौदा मोजा. मोटार वाहन नियमांनुसार एका म्हशीला २ चौरस मीटर जागा लागते. १७ बाय ७ फुटांचा हौदा म्हणजे ११ चौरस मीटर, म्हणजे म्हशी पाचच. ९ बाय साडेपाचच्या पिकअपमध्ये फक्त दोन. १९७८ च्या वाहतूक नियमांत गाडीमागे सहाची मर्यादा आहे, तिच्यावर विसंबून सहावी चढवली की गुन्हा तयार. दोन जनावरांत भाडं सुटत नाही हे खरंय, पण अडवणारे नेमकं हेच मोजतात.

सोबत हवं ते असं: बाजार समितीची सौदा पावती, प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला, पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन, चारा-पाणी, प्रथमोपचार पेटी, एक राखणदार. हौद्यात घसरू नये म्हणून काहीतरी अंथरलेलं हवं आणि दुसरा माल अजिबात नको. कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे पावतीवर आणि दाखल्यावर जुळवून पाहा. एक आकडा चुकला तरी 'ही जनावरं ती नव्हेत' म्हणायला वाव मिळतो.

तारीखवार:
वरच्या यादीने खटला जिंकता येतो, जनावरं वाचतीलच असं नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याच्या गुन्ह्याला १९६० च्या कायद्यात पहिल्या वेळी दंड आहे १० ते ५० रुपये. पण त्याच कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे खटला चालेपर्यंत जनावर गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवता येतं, चारापाण्याचा खर्च मालकावर पडतो, आणि त्या खर्चाची हमी म्हणून गाडीही अडकून राहते. बंधपत्र, म्हणजे खर्च भरण्याची लेखी हमी, दिलं नाही तर जनावर कायमचं जातं. खरी शिक्षा ही आहे, आणि ती निकालाच्या आधीच भोगून होते.

म्हणून सगळा जोर पंचनाम्यावर द्या. तिथे 'गोवंशसदृश जनावरे' असं मोघम लिहिलं जातं. म्हैस की रेडा, वय, रंग, शिंगं, बिल्ला क्रमांक अशी एकेका जनावराची नोंद मागा आणि सरकारी पशुवैद्यकाची तपासणी त्याच दिवशी व्हावी असा लेखी अर्ज द्या. जनावरं गोशाळेत गेल्यावर हे सिद्ध करणं फार अवघड होतं. ताब्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली लगेच अर्ज करा. गाडीचा अर्ज वेगळा. सुंदरभाई देसाई (२००२) निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहनं ठाण्यात महिनोन् महिने सडवू नयेत असं सांगितलं आहे, तो जोडा.

बाजारवाट:
आणि पोलीस येण्याआधी, टोळकं समोर उभं असताना?

तारीखवार:
आधी जीव. चावी आणि कागद हातात देऊ नका, काचा बंद करून ११२ लावा. राज्याच्या गोवंशहत्या बंदी कायद्याच्या कलम ८ ने झडतीचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलिसाला आहे, किंवा शासनाने अधिकृत केलेल्या व्यक्तीला. या शेवटच्या शब्दांचा आडोसा घेऊन कसलीही ओळखपत्रं दाखवली जातात. संघटनेचं कार्ड म्हणजे शासनाचा आदेश नव्हे. पण हा वाद रस्त्यात घालू नका, पोलीस आल्यावर घाला. जून २०२३ मध्ये इगतपुरी परिसरात दोन आठवड्यांत दोन माणसं अशा हल्ल्यांत गेली.

मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी, आणि स्वतंत्र फिर्याद. फिर्याद अडवणाऱ्याची आणि आरोपी मार खाणारा, हा उलटा प्रकार सर्रास होतो. जमावाच्या हिंसेबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तहसीन पूनावाला निकालाने (१७ जुलै २०१८) प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तक्रारीची प्रत त्यांना नावानिशी पाठवा.

शिवारातला:
याची झळ एका जमातीपुरती राहिलेली नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कुरेशींनी राज्यभर जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा आठवडी बाजारात शेतकऱ्यांच्या भाकड म्हशी दावणीलाच परतल्या. भाकड म्हैस विकून दुभती आणायची, ही साखळी ज्याच्या हातून चालते त्यालाच गुन्हेगार ठरवलं तर गोठा चालत नाही. धर्माच्या नावाने चाललेल्या या राजकारणाने हिंदू शेतकऱ्यालाही बुडवलं, हे ग्रामसभेत उघड बोललं गेलं पाहिजे.

दावण:
मांसाबद्दल राहिलं. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेलं गोमांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५ड रद्द केलं. निर्दोषत्व आरोपीने सिद्ध करावं, हे ९ब सुद्धा गेलं. इथल्या मांसाबाबत ते गोवंशाचं आहे हे माहीत असून बाळगलं होतं, हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत एका वृद्धाला नुसत्या संशयावरून मारहाण झालीच. दुकानदाराने कत्तलखान्याची पावती रोज तारखेनिशी फाइलला लावावी आणि गिऱ्हाइकाला 'म्हैस' असं लिहिलेलं बिल द्यावं, अर्धा किलो असलं तरी.