चर्चा: कोणती मेथड, कोणते आर्ग्युमेंट हे रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालताना ठरतंय. डायनॅमिक कॉल (नाव आणि आर्ग्युमेंट आयत्या वेळी ठरवून मेथड बोलावणं) करावा की नाही?

अर्धविराम
रिपोर्टचा प्रकार युजर निवडतो, त्यावरून मेथड ठरते. तारीख, मर्यादा, क्रम, भाषा हे चारही पॅरामीटर ऐच्छिक. कोण काय भरेल याचा नेम नाही. इफ-एल्स लिहायला बसलं तर १६ फांद्या. त्यापेक्षा जेवढं भरलंय तेवढं डिक्शनरीत (नाव-किंमत जोड्यांत) टाकावं, गेटॲट्रने, म्हणजे स्ट्रिंगमधल्या नावावरून, मेथड काढावी आणि दोन तारे (**) लावून डिक्शनरी तिच्या हवाली करावी. पायथनने सोय दिलीय ती वापरायलाच ना? तरी रिव्ह्यूत दर वेळी 'हे नको' असा शेरा. मला तरी ही नुसती सवयीची भीती वाटते.

रात्रपाळी
मीही तोच शेरा दिला असता. मेथडचं नाव स्ट्रिंगमध्ये गेलं की ती कुठून बोलावली जाते हे एडिटरला दिसत नाही. उद्या कोणी 'वापरात नाही' म्हणून उडवली की बसा शोधत. आणि नाव जर युजरकडून येत असेल तर अहो, ऑब्जेक्टवरच्या सगळ्या मेथडच्या किल्ल्या तुम्ही बाहेर टांगल्यात, डिलीटसकट! रुबीत तर 'सेंड' प्रायव्हेट मेथडही बिनदिक्कत चालवतो, त्यासाठीच तिथे 'पब्लिक सेंड' वेगळा आहे.

अर्धविराम
नावाबद्दल मान्य. चालणाऱ्या नावांचा तक्ता करतो, प्रत्येक नावासमोर थेट फंक्शन. गेटॲट्रची गरजच संपली. पण माझा खरा प्रश्न आर्ग्युमेंटचा आहे, त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत.

चौथा कंस
त्यावर मी बोलतो, आणि धागाकर्त्याच्या बाजूने. खरी मेख 'दिलंच नाही' आणि 'रिकामं दिलं' यांतल्या फरकात आहे. मर्यादेची डिफॉल्ट किंमत ५० आहे आणि तुम्ही 'नन' (पायथनमधलं 'काहीच नाही') पाठवलंत, तर पायथन ५० घेत नाही, 'नन'च आत जातं. जावास्क्रिप्टमध्ये 'अनडिफाइन्ड' दिलं तर डिफॉल्ट लागतं, 'नल' दिलं तर नाही. सी शार्पमध्ये रिफ्लेक्शनने (रनटाइमला मेथड शोधून) इन्व्होक करताना जागा मोकळी सोडता येत नाही, तिथे 'टाइप डॉट मिसिंग' ठेवावं लागतं. कोटलिनचा 'कॉलबाय' मात्र सरळ: मॅपमध्ये नसलेला ऐच्छिक पॅरामीटर डिफॉल्ट घेतो. डिक्शनरीचा फायदा हाच. डिक्शनरीत ते नाव नाही, म्हणजे दिलं नाही.

फक्त ती डिक्शनरी गाळताना 'इफ व्हॅल्यू' लिहू नका. युजरने मुद्दाम दिलेला ० आणि 'फॉल्स'सुद्धा त्यात वाहून जातात आणि डिफॉल्ट गुपचूप येऊन बसतं. 'इज नॉट नन' लिहा. 'नन'लाही स्वतःचा अर्थ असेल तर 'दिलं नाही' यासाठी वेगळा सेंटिनेल ऑब्जेक्ट, म्हणजे फक्त खुणेपुरता एक ऑब्जेक्ट ठेवा.

रात्रपाळी
हे सगळं पटलं तरी स्पेलिंगचं काय? ज्या फंक्शनने स्वतःच दोन ताऱ्यांनी 'येईल ते घेतो' असं लिहिलंय, त्याला 'लिमिट'ऐवजी 'लिमट' दिलं तर ते हूं की चूं करत नाही. एरर नाही, ५० ओळी हजर, आणि युजर म्हणतोय मी २०० मागितल्या होत्या. त्यापेक्षा चार फील्डचा डेटाक्लास (ठरलेल्या नावांच्या फील्डचा क्लास) करा. चुकीचं नाव तिथेच आपटतं, आणि तुमच्या १६ फांद्याही लागत नाहीत.

अर्धविराम
म्हणजे डिफॉल्ट दोन ठिकाणी, एक डेटाक्लासमध्ये आणि एक फंक्शनमध्ये! कॉलआधी 'इन्स्पेक्ट'मधून सिग्नेचर (फंक्शनच्या पॅरामीटरची यादी) काढून 'बाइंड' केलं, म्हणजे आर्ग्युमेंट तिच्याशी जुळवून पाहिले, की काम झालं. ते पायथन ३.३ पासून आहे.

रात्रपाळी
'येईल ते घेतो'वाल्या फंक्शनपुढे बाइंडही मान डोलावतं, करून बघा. आणि फंक्शनने डेटाक्लासच घेतला तर डिफॉल्ट एकाच जागी राहतं.

अर्धविराम
आमची निम्मी फंक्शनं बाहेरच्या लायब्ररीतली आहेत. त्यांची सिग्नेचर मी कशी बदलू? तिथे डिक्शनरीच राहणार. आमच्या स्वतःच्या फंक्शनांमधले दोन तारे मात्र आजच काढतो.

रात्रपाळी
मग तो कॉल एकाच फाइलमध्ये कोंडून ठेवा. दुसरीकडे दिसला तर शेरा तयार आहे.