रीळवाला कॉम्पॅक्ट: बटण दाबल्यावर इतक्या उशिरा काहून क्लिक होते?

महालची_पोट्टी:
मावशीचा जुना ऑटोफोकस झूम कॉम्पॅक्ट (रोलवाला छोटा कॅमेरा) वापरून राहिली आहे, रोल ४०० चा. तान्ह्या पोळ्याला पोट्ट्यांचे लाकडी नंदी काढले, ते छान आले. पण त्याच दिवशी सकाळी आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत सगळा घोळ. नाचणाऱ्याचा हात वर गेला की मी बटण दाबते, अन् फोटोत हात खाली. काही फ्रेममध्ये माणसं धूसर अन् मागची भिंत एकदम शार्प! आधी अर्धं बटण दाबून ठेव असं सगळे सांगतात. तेही केलं, थोडासाच फरक पडला. कॅमेरा बिघडला आहे का?

लूनावाला:
याशिका एमएफ-२ सुपर घे. फिक्स फोकस, मोटर नाही, फोकसची भानगडच नाही. दाबलं की क्लिक. आमच्या घरचे निम्मे अल्बम त्याच्यावरच निघाले.

बर्डीचं_बाकडं:
पोरी, कॅमेरा ठणठणीत दिसतो. सीताबर्डीवर माझं दुरुस्तीचं बाकडं होतं तेव्हा लग्नसराई संपली की हीच तक्रार घेऊन लोक यायचे: काका, वरमाला पडून गेली अन् मग क्लिक झालं.

शटर स्वतः हळू नसते. कॉम्पॅक्टमध्ये एसएलआरसारखा (भिंग बदलायचा मोठा कॅमेरा) आरसा उचलायचा नसतो, तेव्हा खरं तर तो लवकर सुटायला पाहिजे. वेळ खाते ती भिंगाची मोटर. बटण दाबलं की आधी अंतर अन् उजेड मोजायचा, मग भिंग त्या अंतरावर न्यायचं, अन् मगच शटर उघडायचं. मोजायला फार वेळ लागत नाही. इन्फ्रारेडवाला कॅमेरा किरण सोडतो अन् तो कोणत्या कोनातून परत आला त्यावरून अंतर काढतो. कॅननच्या १९७९ च्या एएफ३५एम मध्ये हीच पद्धत होती. त्याआधी १९७७ चा कोनिका सी३५ एएफ आला, तो किरण न सोडता दोन खिडक्यांतली चित्रं जुळवायचा.

आता अर्ध्या बटणाचं. पुष्कळ कॉम्पॅक्टमध्ये त्यानं अंतर फक्त मोजून धरून ठेवलं जाते, भिंग जागचं हलत नाही. पूर्ण दाबल्यावर ते धावते, फोटो झाला की परत घरी येऊन बसते. म्हणून तुला थोडासाच फरक दिसला. रोल संपला की रिकामा कॅमेरा कानाशी धर, पंखा बंद कर अन् अर्धं बटण दाब. कुर्र आवाज तेव्हाच आला तर भिंग आधीच सरकते. पूर्ण दाबल्यावरच आला तर उत्तर मिळालं.

भिंतीचं कारण वेगळं. फोकसची चौकट मधोमध अन् बारीक असते. दोन नाचणाऱ्यांच्या फटीतून किरण गेला की कॅमेरा भिंतीलाच माणूस समजतो. काळे कपडेही किरण गिळतात, मग अंतर चुकते.

फ्लॅशकडेही पाहा. इतवारीच्या गल्ल्यांत सावली असते, ऑटोवर तो पेटणारच. त्यात लाल डोळे टाळायचा मोड चालू असेल तर बाहुल्या लहान करायला आधी दिवा लागतो, सेकंदभर त्यातच जाते. वरून फ्लॅश चार्ज होईपर्यंत पुष्कळ कॅमेरे बटणच अडवतात. फ्लॅश बंद कर, नवा सेल टाक.

रोल_संपला:
काका बरोबर. ज्यांना रस्त्यावरचेच फोटो काढायचे त्यांच्यासाठी रिको जीआर१ मध्ये स्नॅप मोड होता, फोकस सरळ २ मीटरवर. आता त्याच्या किमती ऐकून घाम फुटते. तुझ्या कॅमेऱ्यावर डोंगराचं चिन्ह असेल तर ते वापरून पाहा, फोकस अनंतावर, म्हणजे एकदम दूरवर, जाते अन् चौकटीत कोण आलं याचा प्रश्न राहत नाही. झूम मात्र पूर्ण मागे, ३८ मिमीच्या आसपास. भिंगाचं छिद्र एफ/८ इतकं बारीक धरलं तर साधारण ६ मीटरच्या पुढचं सगळं चालण्यासारखं शार्प येते.

महालची_पोट्टी:
कानाशी धरला. आवाज पूर्ण दाबल्यावरच येते 😐 ६ मीटर म्हणजे गर्दीत मधे शंभर डोकी येतील हो, डोंगर चालणार नाही. उशीर नेमका किती आहे हे घरी कळते का?

बर्डीचं_बाकडं:
हाव, कळते. मोबाइलवर स्टॉपवॉच लाव अन् ठरवून ५.०० ला बटण दाब. कॅमेरा जितक्या जवळून फोकस करतो तितका जवळ धर. दोन फ्रेम अर्धं बटण आधी धरून, दोन न धरता. निगेटिव्हवर कोणते आकडे आले ते पाहा. ५.२ दिसलं तर पाचवा हिस्सा सेकंद गेला, तेवढ्यात ३० च्या स्पीडची लूना दीड मीटरहून पुढे जाते. दोन जोड्यांतला फरक म्हणजे नुसत्या मोजमापाचा वेळ. बाकीचा मोटरचा अन् तुझ्या बोटाचा, तो काही जात नाही. मिरवणुकीत तेवढं आधी दाबायचं: हात वर जायला निघाला की, वर पोचल्यावर नाही. ढोलाचा ठेका धर, पोट्टे त्याच्यावरच उडतात. अन् स्टॉपवॉचच्या फ्रेमलाही फ्लॅश बंद ठेव, नाहीतर स्क्रीन पांढरीफट्ट येईल.