मदत हवी आहे : माळा रिकामा करायचाय, पण सासूबाईंचा हंडा?

नमस्कार मंडळी. टू बीएचके फ्लॅट, माणसं चार आणि सामान चाळीस जणांचं. यंदा ठरवलं, कमी सामानात राहायचं. कपड्यांचं सोपं गेलं. वर्षभरात अंगाला न लागलेले सगळे काढले. पूर्वी दारावर बोहारीण यायची, आता वॉचमन तिला आत सोडत नाही. (सोडली असती तर घरात आणखी एक पातेलं आलं असतं, हेही खरंच!)

घोडं अडलंय माळ्यावर. पितळी बंब, दोन घंगाळी, कल्हई उडालेली पाच पातेली आणि तांब्याचा हंडा. हंड्याच्या काठाखाली सासूबाईंच्या वडिलांचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय, त्यातलं शेवटचं अक्षर चेपून गेलंय. मोडीत घालायचा विषय काढला की आई काही बोलत नाहीत, नुसता चहा तसाच ठेवून उठतात.

पातेली वापरात आणायची तर कल्हई हवीच, नाहीतर चिंचेची आमटी कळकणार. कोथरूड-कर्वेनगरकडे अजून कल्हईवाला येतो का? दर भांड्यावर की आकारावर?

शिवाय १९९० पासूनचे दिवाळी अंक आहेत, तीन खोकी. जवळच्या वाचनालयाने जागा नाही म्हणून परत पाठवले. रद्दीत द्यायला हात धजत नाही. कुणी घेतं का?

आणि हंड्याचं काय करू? आईंना न दुखवता कुणी असं सामान हलवलं असेल तर नक्की सांगा. रविवारी शिडी काढणार आहोत.