मदत हवी आहे: मामाची १९७८ची इलेक्ट्रिक गिटार विकायची आहे, आधी दुरुस्त करू की आहे तशीच देऊ?

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातली मामाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली आहे. महिनाअखेर घर रिकामं करायचंय, म्हणून माळ्यावरच्या सामानाचा निकाल लावतोय. त्यात मामाची इलेक्ट्रिक गिटार आहे. आयबानेझ, 'आर्टिस्ट' मॉडेल, दोन्ही बाजूंना शिंगं, दोन हमबकर पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग). बोटीवर नोकरी करणाऱ्या मित्राकडून त्याने ती घेतली आणि पुढे ऑर्केस्ट्रात, हळदीत, गणपतीत भरपूर वाजवली, गडकरी रंगायतनलासुद्धा. आता संधिवाताने बोटं आखडलीत. मामा म्हणतो विकून टाक, मामी म्हणते फुकटात घालवू नकोस. मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही.

हेडस्टॉकच्या, म्हणजे चाव्या बसवलेल्या वरच्या टोकाच्या, मागचा नंबर 'एफ ७८'ने सुरू होतो. त्या काळात पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असायचे, म्हणजे जून १९७८. कारखाना जपानमधल्या मात्सुमोतोचा, फुजिजेन. इथपर्यंत बरोबर आहे ना?

आता अवस्था. पाठीवर पट्ट्याच्या बकलचे ओरखडे. हेडस्टॉकच्या टोकाला सिगारेटचा काळा डाग (पेटती सिगारेट तारेच्या टोकाला खोचून ठेवायची सवय, मामीचा राग अजून गेलेला नाही). मानेवरच्या पहिल्या चार-पाच फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्ट्या) तारांनी खाचा पाडल्यात. ब्रिजला (खाली तारा टेकतात तो भाग) गंज, खाडीची हवा. व्हॉल्यूमचा नॉब खरखरतो, आणि जॅक विशिष्ट कोनात धरला तरच आवाज येतो. ट्यूनिंगच्या चाव्या मामाने कधीतरी बदलल्या, पण जुन्या सहाही बिस्किटांच्या डब्यात आहेत. पेटी मूळची, एक कडी तुटलेली.

एक कारागीर म्हणतो, रंग घासून नव्याने स्प्रे मारू, फ्रेट बदलू, मग बघा भाव. एक कॉलेजचा मुलगा फोटो बघूनच बारा हजार म्हणाला. परदेशी साइटवर याच मॉडेलपुढे लाखाच्या वरचे आकडे दिसतात. खरं काय धरायचं?

प्रतिसाद १

कारागिराला आधी थांबवा. जुन्या गिटारचा गिऱ्हाईक मूळ रंगाचे पैसे देतो, ओरखड्यांसकट. एकदा घासलात की ती किंमत गेली, कितीही सुंदर स्प्रे मारला तरी. फ्रेटही राहू द्या. घेणारा आपल्या हाताला हव्या त्या जाडीचे बसवून घेतो, तुमचा खर्च वसूल होत नाही. फक्त जॅकला सोल्डर मारून घ्या आणि नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर. आवाज येत नसेल तर लोक पिकअप गेलेत असं धरूनच बोली लावतात. आतले मूळ पार्ट मात्र बदलू देऊ नका, आणि मागचं झाकण उघडलंच आहे तर आतला एक फोटो काढून ठेवा. बिस्किटांचा डबा गिटारबरोबरच द्या, त्यालाही किंमत आहे.

तारखेचं तुमचं बरोबर आहे. जाहिरातीत 'लॉसूट' (म्हणजे गिब्सन या अमेरिकन कंपनीची नक्कल केल्याच्या दाव्यातली गिटार) असं लिहा म्हणून कोणी सुचवेल. लिहू नका. तो दावा १९७७चा, गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर हेडस्टॉकच्या आकारावरून लावलेला. आर्टिस्ट हे आयबानेझचं स्वतःचं डिझाइन आहे, जाणकार लगेच पकडतो.

प्रतिसाद २

साइटवर दिसतात ते मागितलेले भाव. 'विकले गेले' असा फिल्टर लावून बघा. आणि तिथल्यापेक्षा इथे कमी धरा, कारण ठाण्या-मुंबईत या गिटारची कदर असणारे थोडे आणि त्यातले निम्मे माझ्यासारखे कडके. बारा हजारांना मात्र नक्की देऊ नका.

गिऱ्हाइकाला स्टेशनवर बोलावू नका, ॲम्पला लावल्याशिवाय कोणी पैसे मोजणार नाही. जवळच्या जॅमिंग रूममध्ये तासभर जागा घ्या. आणि 'मी फौजेत आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील' असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. रंगाचं काम रद्द. मामी बारा हजारवाल्या मुलाला घरात घेणार नाही म्हणते. आणखी एक: नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) मागे, जिथे मान वळते, तिथे केसाएवढी रेघ आहे. रंगाची की लाकडाची, कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

नख फिरवून बघा, आणि रेघ दुसऱ्या बाजूलाही निघते का तेही. एकाच बाजूला असेल आणि तारा ताणल्यावर उघडत नसेल, तर बहुतेक रंगाची. तरी एखाद्या गिटार दुरुस्त करणाऱ्याला प्रत्यक्ष दाखवाच, मान तिथेच तुटते. आणि काहीही निघो, जाहिरातीत रेघेचा जवळून काढलेला फोटो टाका. ती नंतर सापडली तर गिऱ्हाईक पेटीसकट परत घेऊन येईल, आणि तोवर तुमचं घर रिकामं झालेलं असेल.